वाघ परत आणले. आता त्यांची जनुकीय विविधता मोजायची कशी?

राजस्थानातल्या सरिस्क्यातले वाघ २००४ च्या अखेरीस संपले आणि २००८ पासून रणथंबोरचे वाघ तिथे आणून सोडले गेले. मध्य प्रदेशातल्या पन्नात २००९ मध्ये एक वाघीण बांधवगडहून आली, दुसरी कान्ह्याहून, नर पेंचहून. दोन्हीकडे बछडे झाले, आकडा वाढला. पण एका वाघात एका जनुकाच्या दोनच प्रती असतात, म्हणून तिघांपासून वाढलेल्या कुळात त्या जनुकाची जास्तीत जास्त सहाच रूपं असू शकतात, पुढे बछडे कितीही होवोत. म्हणून नुसती शिरगणती पुरत नाही, डीएनए तपासावाच लागतो. मग तीन पद्धतींपैकी कोणती घ्यायची: मायक्रोसॅटेलाइट, एसएनपी की पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए वाचणं?

मायक्रोसॅटेलाइट ही जुनी, हातात बसलेली पद्धत. डीएनएतला ठरावीक छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा येतो ते मोजायचं. डीएनएवरची अशी दहा-पंधरा ठिकाणं तपासली की वाघ ओळखता येतो, खर्चही आवाक्यातला. अडचण येते ती विष्ठेच्या नमुन्यात. वाघाच्या आतड्यातल्या पेशी विष्ठेच्या वरच्या थरावर असतात आणि उन्हापावसात आधी खराब होतो तोच थर. मग पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, दोनपैकी एक रूप उमटतच नाही, आणि दोन वेगळी रूपं असलेला वाघ एकाच रूपाचा वाटतो. विविधता आहे त्याहून कमी भरते. म्हणून एकेक नमुना पुन्हा पुन्हा चालवावा लागतो. शिवाय एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीच्या आकड्यांशी सरळ जुळत नाहीत.

एसएनपीत डीएनएतल्या एकाच अक्षराचा फरक वाचायचा असतो, त्यामुळे तुटका डीएनएही चालतो. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने वाघाच्या विष्ठेवर हे करून दाखवलं आहे. नाती ठरवायला हीच पद्धत जास्त भरवशाची. मात्र तपासायची ठिकाणं एकाच जंगलातल्या वाघांवरून निवडली, तर दुसऱ्या जंगलातल्या वाघांची विविधता उगाच कमी दिसते.

जीनोमसाठी शक्यतो चांगलं रक्त हवं, पैसाही बराच लागतो. पण अंतःप्रजनन नीट दिसतं ते इथेच. आईकडून आणि बापाकडून आलेले डीएनएचे सारखे पट्टे जितके लांब, तितकं नात्यातलं प्रजनन अलीकडचं.

दरवर्षीच्या देखरेखीला मी एसएनपीच घेईन. जुन्या मायक्रोसॅटेलाइट नोंदी असतील तर थोडे नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून दुवा जोडून ठेवा. हेटरोझायगोसिटी, म्हणजे एका जनुकाची दोन वेगळी रूपं असण्याचं प्रमाण, टिकून आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दुर्मीळ रूपं आधी जातात, हेटरोझायगोसिटीचा आकडा मागाहून उतरतो. आणि कळकळीने सांगतो, रेडिओ कॉलर घालायला वाघ बेशुद्ध केलेला असेल तेव्हाच रक्त घेऊन जपून ठेवा. एकदा जंगलात शिरलेला वाघ पुन्हा हाती लागेलच असं नाही.