गायमुखला गळ टाकताना: कोळंबी की हलका ल्युअर?

युरोपातल्या नद्यांमध्ये पर्च नावाच्या पट्टेरी माशासाठी अल्ट्रालाइट ल्युअर, म्हणजे अगदी हलकं नकली आमिष, वापरतात. आपल्या उल्हास नदीत पर्च नाही, पण खाडीच्या तोंडाशी जिताड्याची पिल्लं आहेत, आणि तीही छोट्या माशांवरच झडप घालतात. म्हणून ठाण्याजवळच्या गायमुखला मी कोळंबीचं आमिष आणि ल्युअर, दोन्ही वापरून पाहिलं.

कोळंबी स्वस्त, शिकायला काहीच नाही. गरीला लावा, शिसं बांधा, टाका आणि बसा. पण भरतीच्या गढूळ पाण्यात आधी खेकडे आणि शिंगाळे मासेच येतात. शिंगाळा गरीवरून सोडवताना त्याचा काटा बोटात गेला, तर संध्याकाळ संपलीच समजा.

ल्युअरचं तसं नाही. ३ ग्रॅमचं जिग (शिशाचं डोकं असलेली गरी), त्यावर बोटाच्या पेराएवढा रबरी मासा, ६ पौंडांचा ताण सोसणारा ब्रेडेड (विणलेला) दोरा. जिग तळाला टेकलं की दोरा किंचित सैल पडतो. तेव्हा काठीचं टोक हळूच उचलायचं, पुन्हा टेकू द्यायचं. जिताडा बहुतेक वेळा जिग खाली पडतानाच घेतो, हाताला फक्त एक 'टक्' जाणवते. त्या एका टकेसाठी मी दोन तास उभा राहतो! पुढे जाड लीडर, म्हणजे टोकाला जोडलेला वेगळा दोरा, मात्र हवाच. जिताड्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची धार बारीक दोरा कापते.

ओहोटी जोरात असेल तर ३ ग्रॅम टिकत नाही, वाहून जातं. तेव्हा कोळंबीच बरी. पाणी थबकलं, की माझ्या हातात हलकी काठीच असते. वीतभर पिल्लू लागलं तर ओल्या हाताने सोडवा आणि परत पाण्यात जाऊ द्या.