मांडवा ते गणपतीपुळे: पाच दिवस, पाच बोटी आणि मागे राहणारा टेम्पो

कोकण किनाऱ्याने सायकलवर जायचं तर दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे गाठावेत. हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात कापून झालेलं असतं, उशिरा पिकणारं गरवं कुठे उभं, कुठे खळ्यावर झोडणीला आलेलं. सड्यावरचं, म्हणजे जांभ्याच्या उंच पठारावरचं गवत सोनेरी झालेलं असतं. दसऱ्याच्या आसपासच्या तारखा स्वस्त मिळतात, पण तेव्हा सकाळी ऑक्टोबरचं ऊन आणि दुपारी परतीच्या पावसाची सर असा दुहेरी मार बसतो. मुंबईहून निघालेल्या वीस जणांच्या या आयोजित सायकल सहलीची तारीख अचूक होती. दिशाही. या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्यांना तो पाठीशी मिळतो. हाच मार्ग उलटा करणाऱ्या सहली आहेत, त्यांच्या वाटेला दुपारभर तोंडावर वारा.

पहिल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, मग अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूड. दुसऱ्या दिवशी आगरदांडा-दिघी बोट, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिसरा दिवस बागमांडला-वेसवी बोट, वेळास, केळशी, आंजर्ले. चौथ्या दिवशी हर्णे, दाभोळ-धोपावे बोट, गुहागर. शेवटी हेदवी, तवसाळ-जयगड बोट आणि गणपतीपुळे. रोजचं अंतर सुमारे ४५ ते ७० किलोमीटर.

आकडा किरकोळ वाटतो, आणि फसगत तिथेच होते. किनाऱ्याचा रस्ता सपाट नाही. प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचं. चढ एक-दोन किलोमीटरचेच, पण एकामागून एक आणि मध्येमध्ये चांगलेच उभे. मागच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रांच्या संचावर, किमान ३२, शक्य तर ३४ दात्यांचं मोठं चक्र हवं. भाड्याने दिलेल्या सायकलींना २८ दात्यांचं होतं. तिसऱ्या दिवशी वेसवीच्या पुढे भाड्याच्या सायकली हातात धरून चालल्या होत्या, घरच्या सायकली वर पोचल्या होत्या. नाव नोंदवताना हा एक प्रश्न विचाराच. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत आणि हवा ठासून भरू नये. पावसाने उखडलेल्या वळणांवर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, तिच्यावर कडक टायर सरळ सटकतो.

आता मुख्य तक्रार. वीस सायकली, एक मेकॅनिक, एक टेम्पो. मैदानी रस्त्यावर एवढं पुरतं, इथे नाही. कारण जेट्टीवर सायकली गाड्यांच्या रांगेला वळसा घालून पुढे जातात आणि पहिल्या बोटीत चढतात, टेम्पो मात्र रांगेत. शनिवार-रविवार असेल तर दोन-तीन बोटी सुटेपर्यंत तो अलीकडेच. गट पलीकडे निघालेला असतो आणि फूटपंप, पाणी, प्रथमोपचाराची पेटी, मेकॅनिक खाडीच्या या काठाला. दाभोळला नेमकं हेच झालं. धोपाव्याचा चढ चढताना एकाची चेन तुटली आणि चेनची कडी काढून पुन्हा जोडायचं हत्यार, चेन टूल, टेम्पोत. आयोजकांनी दोन गोष्टी केल्या तरी हे टळेल: टेम्पो गटाच्या तासभर आधी जेट्टीवर पाठवायचा आणि मेकॅनिकला सायकलवर बसवून शेवटच्या माणसाच्या मागे ठेवायचं. तोवर दोन ट्यूब, टायर लिव्हर, छोटा पंप, चेन टूल, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि दोन बाटल्या पाणी प्रत्येकाने स्वतःच्या सायकलवर बाळगावं.

जेट्टीवर आणखी एक. ओहोटीला उताराचा खालचा भाग शेवाळलेला असतो. क्लीट (पेडलमध्ये अडकणारा टणक तुकडा) लावलेल्या बुटांनी त्यावर पाय ठेवला की माणूस आधी आणि सायकल त्याच्या अंगावर. तिथे उतरून, ब्रेक धरून चालावं.

मार्ग निवडणाऱ्याला मात्र पैकीच्या पैकी. दिवेआगरहून श्रीवर्धनला आतल्या रस्त्याने न नेता शेखाडी, कोंडिवली, आरावी असं किनाऱ्याने नेलं. समुद्र उजव्या हाताला, डावीकडे डोंगर, मध्ये वाड्या. रस्त्याकडेला भाताचे भारे रचलेले, वाटेवर पेंढा सांडलेला. हा पेंढा दिसायला छान, पण डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या चाकांत गुंडाळला गेला की गिअर उड्या मारायला लागतात. पेडल उलटं फिरवून ओढून काढायचा, जोर लावून पुढे मारायचं नाही. खाऱ्या हवेने चेन दोन रात्रींत तांबूस होते. रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब पुरतो.

जेवणखाण घरगुती खानावळींत, आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, त्यामुळे वीस जण एकदम टेकले तरी खोळंबा नाही. सकाळी घावन-चटणी उत्तम. दिवेआगरला दुपारी उकडीचे मोदक होते, तुपासकट. त्यानंतर अर्ध्या तासात सायकलवर बसवणं हा शुद्ध दुष्टपणा. मोदक मुक्कामाच्या गावी ठेवावेत.

जाहिरातीत वेळासच्या कासवांचा फोटो होता. पिल्लं समुद्रात जाताना दिसतात ती साधारण फेब्रुवारीपासून पुढे, नोव्हेंबरात वेळासला फक्त वाळू आणि शांतता. फोटो काढून टाकलेला बरा.

परतीला सायकली टेम्पोत आणि माणसं रत्नागिरीहून रेल्वेने. टेम्पोत सायकली एकमेकींना टेकवून दोरीने आवळल्या होत्या, मध्ये फक्त जुनी पोती. अशाने डिरेलरचा हँगर (डिरेलर ज्यावर बसतो ती छोटी पट्टी) वाकतो आणि घरी आल्यावर पहिल्याच फेरीत डिरेलर आऱ्यांत जातो. हँगर मॉडेलप्रमाणे वेगळा, गावच्या दुकानात मिळत नाही, म्हणून आपला जादा हँगर आधीच घेऊन ठेवावा. सायकल चढवण्याआधी चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणावी, म्हणजे डिरेलर आत सरकतो. ज्या बाजूला चेन आहे ती बाजू टेम्पोच्या भिंतीला किंवा शेजारच्या सायकलीला टेकू देऊ नये. हे हमालावर सोडू नका, स्वतः उभं राहून करून घ्या.