मास्टर्स की क्रूसिबल? मुंबईहून एकदाच जायचं असेल तर

दादरला तासाच्या हिशोबाने टेबल घेऊन खेळणाऱ्या आमच्या कंपूत हा वाद दरवर्षी निघतो. आयुष्यात एकदाच विलायतेला जाऊन स्नूकर बघायचं, तर जानेवारीत लंडनची मास्टर्स की एप्रिल-मेमध्ये शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरातली जागतिक स्पर्धा? टीव्हीवर आम्ही दोन्ही बघतो. तिकीट काढून खुर्चीत बसायचं म्हटलं की गणित बदलतं.

मास्टर्स १९७५ पासूनची, आमंत्रितांची. जागतिक क्रमवारीतले पहिले सोळा जण, बाकी सगळे घरी. इथे जिंकून क्रमवारीत तसूभर फरक पडत नाही, तरी कोणी ती हलक्यात घेत नाही. २०२५ साली शॉन मर्फीने उपांत्य सामन्यात १४७ चा ब्रेक, म्हणजे एकाच खेपेत मिळू शकणारे सगळे गुण, मारला आणि करंडकही नेला. रॉनी ओसुलिव्हनने ती आठ वेळा जिंकली आहे, पहिल्यांदा एकोणिसाव्या वर्षी आणि आठव्यांदा अठ्ठेचाळिसाव्या.

पण प्रेक्षकाला खरा फरक कळतो तो सत्रांत. मास्टर्स जिथे होते त्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये एकच टेबल असतं. एका सत्रात एक मॅच, जो आधी सहा फ्रेम (म्हणजे डाव) घेईल तो जिंकला. म्हणजे एका तिकिटात सुरुवात, मध्य, शेवट सगळं मिळतं. फक्त अंतिम सामना दोन सत्रांचा, आधी दहा फ्रेम घेणाऱ्याचा.

क्रूसिबल हे तर मुळात नाट्यगृहच. साधारण ९८० खुर्च्या, रंगमंचाला तीन बाजूंनी प्रेक्षक, खेळाडूने खडू घासलेला ऐकू यावा इतकं जवळ. पण पहिल्या फेरीची मॅच दोन सत्रांत, पुढच्या दोन फेऱ्या तीन-तीन सत्रांत, उपांत्य आणि अंतिम चार-चार सत्रांत. एक तिकीट म्हणजे तीन अंकी नाटकाचा मधलाच अंक. शिवाय उपांत्य फेरीपर्यंत मध्ये पडदा टाकून दोन टेबलं चालतात. पलीकडे टाळ्या पडल्या की तुम्ही पडद्याकडे बघत बसायचं! तिथे जायचं तर चार-पाच दिवस मुक्काम हवा, नाहीतर जाऊ नये.

क्रूसिबलच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे एक हुकमी पत्ता आहे: झाओ शिनतोंग. २०२५ मध्ये हा हौशी खेळाडू म्हणून आला, पात्रता फेरीच्या चार मॅचेस काढल्या, मग क्रूसिबलमध्ये पाच, आणि अंतिम सामन्यात मार्क विल्यम्सला १८-१२ असं हरवून जगज्जेता झाला. मास्टर्समध्ये असं होणंच शक्य नाही, कारण त्याला दारातूनच आत घेतलं नसतं. अनपेक्षित काही बघायची हौस असेल तर या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मुंबईने आपला अनुभव घेतलाय तो तिसऱ्याच प्रकारचा. मार्च २०१५ मध्ये सांताक्रूझच्या हॉटेलात इंडियन ओपन ही स्नूकर स्पर्धा झाली. तिथे अंतिम सामना सोडला तर चार फ्रेम घेतल्या की मॅच खलास, चहा घेऊन येईपर्यंत निकाल. मायकल व्हाइटने अंतिम सामना ५-० असा संपवला. ज्यांना ते पुरेसं वाटलं त्यांना क्रूसिबल झेपणार नाही.

प्रवासात मास्टर्स सोपी. मुंबईहून थेट लंडन, तिथून लोकल. शेफील्डला आणखी दोनेक तासांची रेल्वे. थंडी मात्र जानेवारीत हाडं गोठवते. घरूनच बघणाऱ्यांनाही मास्टर्सचं संध्याकाळचं सत्र रात्री साडेबाराला सुरू होतं. क्रूसिबलचं दुपारचं सत्र आपल्याकडे संध्याकाळी सातला लागतं, जेवता जेवता बघता येतं.

पहिल्यांदाच जाणार असाल आणि हातात दोन-तीनच दिवस असतील, तर मी मास्टर्सच सांगेन. मात्र तिकीट लवकर काढलंत तर कोणाची मॅच मिळेल हे तेव्हा कळत नाही, कारण सोळा नावं डिसेंबरच्या सुमारास, यूके चॅम्पियनशिप ही स्पर्धा संपल्यावर पक्की होतात. नाव नक्की हवंच असेल तर क्रूसिबलचा पहिला शनिवार, सकाळी दहाचं सत्र धरा. गतविजेता तेव्हा टेबलावर असतो.