तण उपटायला जाणाऱ्यांसाठी आयनॅचरलिस्ट

पाचपैकी साडेचार तारे.

पावसाळ्यात आमचा गट रविवारी सकाळी पुण्यातल्या टेकड्यांवर रानमोडी, गाजरगवत (म्हणजेच काँग्रेस गवत) आणि कॉसमॉस उपटायला जातो. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी आयनॅचरलिस्ट हे फोटोवरून झाडं-प्राणी ओळखायला मदत करणारं ॲप फोनवर घ्यायला लावते, कारण उत्साहाच्या भरात आपलीच झाडं जातात. गेल्या हंगामात एक मुलगा ढोरदवण्याच्या झुडपाशी वाकला. "ताई, हे काँग्रेस गवतच ना?" पानं तशीच चिरलेली, कोवळेपणी कुणीही फसेल. त्याला पान उलटं करायला सांगितलं. खालून पांढुरकं, लवदार, आणि चुरगळल्यावर दवण्याचा वास. गाजरगवताचं पान खालूनही हिरवंच असतं. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो त्याने तिथेच चढवले, तेव्हा ॲपनेही दवण्याचा वंश, म्हणजे जवळच्या जातींचा गट, सुचवला.

मला सगळ्यात आवडतं ते हेच. खात्री नसेल तर हे ॲप जातीचं नाव ठोकून देत नाही, वंशापाशी थांबतं. पुढचं काम माणसं करतात. तुमच्या नोंदीला दुसऱ्या जाणकाराचा दुजोरा मिळाला आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं जुळली, की ती संशोधनयोग्य ठरते. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आज स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत.

पण फोटो नीट हवा. नुसत्या फुलाचा काढून काय उपयोग? सोनकी आणि कॉसमॉस लांबून दोन्ही पिवळी. सोनकीचं पान अखंड, कडेला दातेरी. मेक्सिकोहून आलेल्या कॉसमॉसचं झेंडूसारखं बारीक चिरलेलं. म्हणून पान, खोड आणि पूर्ण झाड असे वेगवेगळे फोटो एकाच नोंदीत टाका. टेकडीवर रेंज नसेल तर घरी येऊन चढवा. फोनचं लोकेशन चालू असेल तर जागा फोटोबरोबर येते.

अर्धा तारा कापला तो एका खुणेसाठी. बाहेरून आलेल्या जातीपुढे गुलाबी खूण दिसते आणि नवखी मुलं ती बघून लगेच खुरपं उचलतात. ती खूण चिंचेलाही लागू पडते आणि मिरचीलाही! परकी जात आणि आक्रमक जात यांत फरक आहे. रानमोडी स्वतःखाली दुसरं काही उगवू देत नाही, चिंच तसं करत नाही. हा निवाडा आपल्यालाच करावा लागतो, आणि तो स्थानिक वनस्पती ओळखणाऱ्या माणसाला विचारूनच करावा.

प्राण्यांसाठीही ॲप तितकंच कामाचं. २०२२ मध्ये लातूर-बीडकडे गोगलगायींनी कोवळं सोयाबीन फस्त केलं, तेव्हापासून माझा मामेभाऊ बांधावर गोगलगाय दिसली की फोटो पाठवतो. बाहेरून आलेल्या आफ्रिकन गोगलगायीचा शंख लांबट, टोकदार, तपकिरी पट्ट्यांचा. आपल्याकडच्या बऱ्याच गोगलगायींचा चपटा. शंखाचा फोटो बाजूने घ्यावा, शेजारी नाणं ठेवावं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली जागा आणि वेळ पुसली जाते, तेव्हा गाव आणि तारीख हाताने भरा. आणि फोटोसाठी गोगलगाय उघड्या हाताने उचलू नका, तिच्यातून माणसाला घातक परजीवी लागू शकतो.