मोठ्या घरासाठी वॉशर आणि ड्रायर: किलो, डेसिबल आणि सुकायला लागणारा वेळ

मशीनच्या दारावर छापलेले किलो हे कोरड्या सुती कपड्यांचे असतात, आणि तेही फक्त कॉटनच्या मुख्य प्रोग्रॅमवर. तेच १० किलोचं मशीन सिंथेटिकच्या प्रोग्रॅमवर ४-५ किलो घेतं, लोकरीच्या प्रोग्रॅमवर जेमतेम २ आणि झटपट धुण्यावरही साधारण तेवढंच. म्हणून किलोबरोबर ड्रमचे लिटरही विचारा. ८ किलोच्या मशीनचा ड्रम साधारण ५५ ते ६५ लिटरचा असतो, १० किलोचा ६५ ते ७५ लिटरचा. दोन मशीनवर १० किलोच लिहिलेलं असलं तरी एकाचा ड्रम दुसऱ्यापेक्षा ५-७ लिटरने मोठा असू शकतो, आणि रजई टाकताना हा फरक लगेच कळतो.

पाच माणसांच्या घराचा हिशोब मांडून बघू. जीन्स ६०० ते ७०० ग्रॅम, शर्ट २०० ते २५०, आंघोळीचा मोठा टॉवेल ५०० ते ६००, डबल बेडची चादर तेवढीच किंवा थोडी जास्त. माणशी रोज सव्वा किलोपर्यंत धरलं तर दोन दिवसांचे कपडे १०-१२ किलो होतात. पांढरे आणि रंगीत वेगळे केले की त्याचे ५-६ किलोचे दोन घाणे. एवढ्याला ८-९ किलोचं मशीन पुरतं. त्याच्या पुढे जायचं खरं कारण अंथरूण-पांघरूण. डबल रजईचं वजन ३ किलोच असलं तरी लहान ड्रममध्ये ती ठासून भरावी लागते, मधल्या थरांपर्यंत पाणी पोचत नाही आणि घड्यांमध्ये साबण अडकून राहतो. रजया, जाड ब्लँकेटं घरीच धुवायची असतील तर १० किलो घ्या. नसतील तर ९ वर थांबलेलं बरं. मोठा ड्रम अर्धा रिकामा फिरवला की तो जास्त आवाज करतो.

आवाज येतो कुठून

दुकानात इन्व्हर्टर मोटर (ब्रश नसलेली, इलेक्ट्रॉनिक्सने वेग बदलणारी) आणि डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय थेट ड्रमला जोडलेली मोटर) यांवर भर दिला जातो. ब्रशवाल्या जुन्या मोटरपेक्षा दोन्ही शांत आहेत यात शंका नाही. ब्रशच्या मोटरमधले कार्बन झिजतात आणि वेग वाढला की ती किरकिरते. पण बेल्टवर चालणारी चांगली इन्व्हर्टर मोटर आणि डायरेक्ट ड्राइव्ह यांच्यात घरात बसून जाणवेल असा फरक फार थोडा असतो. रात्री शेजारच्या खोलीत जो दणका ऐकू येतो तो मोटरचा नसतो, तो एका बाजूला गोळा झालेल्या ओल्या कपड्यांचा असतो.

आकडा पाहिला की हे पटेल. ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १४०० फेऱ्या धरा. कडेला अर्धा किलो वजन जास्त झालं तर ते ड्रमला सुमारे २७० किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि ही ओढ प्रत्येक फेरीत दिशा बदलते. ८०० फेऱ्यांवर तेच वजन ९० किलोच्या आसपास ओढतं. म्हणूनच मशीन थेट वेगात जात नाही. पिळायची वेळ आली की काच लावलेल्या दारातून पाहा: ड्रम कपडे हळूच वर नेतो, सोडतो, उलटा फिरतो, पुन्हा नेतो. कपडे भिंतीला सारखे चिकटेपर्यंत हे चालतं. तोल जमला नाही तर मशीन ठरवलेल्या वेगाच्या खाली थांबतं किंवा न पिळताच संपतं. एकटी बाथमॅट किंवा एकटी जीन्स टाकली की नेमकं हेच होतं. सोबत दोन-तीन टॉवेल टाका, तोल जमतो.

डेसिबल वाचताना धुण्याचा आकडा सोडून द्या, तो बहुतेक मशीनचा ५० च्या आसपासच असतो. पिळतानाचा आकडा बघा. युरोपात २०२१ पासूनच्या ऊर्जा लेबलवर तो डेसिबलमध्ये आणि ए ते डी श्रेणीत छापलेला असतो. ७३ च्या खाली असेल तर ए. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, तेव्हा ७० आणि ७८ मधला फरक मोठा आहे, ७२ आणि ७३ मधल्या फरकासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. हा आकडा पूर्ण भरलेल्या मशीनवर मोजलेला असतो, अर्धवट भरलेल्या मशीनचा आवाज वेगळा येतो. मशीनचं वजनही तपासा. ड्रमभोवती पाणी धरणाऱ्या टबला काँक्रीटचे किंवा ओतीव लोखंडाचे जड ठोकळे लावलेले असतात, आणि ७५ किलोचं मशीन ६० किलोच्या मशीनपेक्षा जागेवर जास्त ठाम बसतं.

फ्रंट लोड की टॉप लोड

ड्रायर घ्यायचाच असेल तर हा प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे: फ्रंट लोड. टॉप लोड मशीन लवकर धुतं, वाकावं लागत नाही, मध्येच झाकण उघडून राहिलेला मोजा टाकता येतो, आणि कमी वेगामुळे पिळतानाचा दणकाही सौम्य असतो. पण ते बहुधा मिनिटाला ७०० ते ८५० फेऱ्यांनीच पिळतं. कपड्यात राहिलेलं पाणी मग ड्रायरला विजेवर उडवावं लागतं.

५ किलो कोरडे सुती कपडे १००० फेऱ्यांवर पिळले तर त्यांत साधारण ३ लिटर पाणी उरतं, १४०० वर अडीच लिटर. १ लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट उष्णता लागते. म्हणजे नुसता पीळ चांगला बसला तर हीटरच्या ड्रायरवर प्रत्येक घाण्यामागे तिसरा हिस्सा युनिट आणि बराच वेळ वाचतो. १६०० फेऱ्यांचं मशीन यापेक्षा थोडंच जास्त पाणी काढतं, आवाज मात्र चढतो आणि कपड्यांना कडक सुरकुत्या पडतात. ड्रायर असलेल्या घरासाठी १४०० ही योग्य जागा आहे. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर फ्रंट लोड ३०-४० सेंटिमीटरच्या स्टँडवर चढवता येतं, पण तो स्टँड मशीनच्याच कंपनीचा आणि बोल्टने पक्का होणारा असावा. सुटा लोखंडी चौरंग स्वतःच ढोल होतो.

एकच मशीन की दोन

धुणं-सुकवणं एकातच करणाऱ्या मशीनवर '१० किलो धुतं, ६ किलो सुकवतं' असं लिहिलेलं असतं, आणि लोक दुसरा आकडा वाचत नाहीत. सुकवायचा आकडा कमी असण्याचं कारण साधं आहे. धुताना कपडे ओले होऊन बसतात, सुकताना फुलतात आणि त्यांच्यातून हवा खेळावी लागते. ८ किलोच्या वेगळ्या ड्रायरचा ड्रम म्हणूनच ११० ते १२० लिटरचा, म्हणजे किलोमागे साधारण १४ लिटर असतो. त्या मापाने ७० लिटरचा ड्रम ५ किलोच नीट सुकवणार. १० किलो धुतलेत तर अर्धे कपडे बाहेर काढून थांबावं लागतं.

त्यात एक घाणा धुऊन-सुकवून निघायला पाच-सहा तास सहज जातात, तोवर दुसरा घाणा टाकता येत नाही. अनेक मॉडेलमध्ये वाफ थंड करायलाही पाणी वापरलं जातं. आणि पंप बिघडला तर धुणं आणि सुकवणं दोन्ही एकदम बंद. दोघा-तिघांच्या घरात, जागा एकाच मशीनची असेल तर हे मशीन जरूर घ्यावं. मोठ्या कुटुंबासाठी आमचं मत स्पष्ट आहे: दोन वेगळी यंत्रं. एक घाणा सुकत असताना दुसरा धुतला जातो, हाच मोठा फायदा.

ड्रायर तीन प्रकारचे

पाइपने गरम दमट हवा बाहेर सोडणारा व्हेंटेड ड्रायर रचनेने साधा आणि वेगवान. पण भिंतीला भोक, १०० मिलिमीटरचा पाइप आणि दरवर्षी त्या पाइपची सफाई लागते. पाइप धातूचा, आखूड आणि कमीत कमी वळणांचा ठेवा. प्लॅस्टिकच्या सुरकुत्यांच्या पाइपात लिंट, म्हणजे कपड्यांतून सुटणारा तंतूंचा कचरा साचतो, आणि तो पटकन पेट घेतो.

कंडेन्सर ड्रायर वाफेचं पाणी टाकीत गोळा करतो. पाइप लागत नाही, पण खोली तापते. पूर्ण घाण्याला ४ ते ५ युनिट वीज लागते.

हीट पंप ड्रायरमध्ये फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. तो दमट हवेतली उष्णता काढून पुन्हा आतच वापरतो, त्यामुळे ८ किलोच्या घाण्याला साधारण दीड ते दोन युनिट पुरतात. हवा ५०-६० अंशांच्या आत राहते, म्हणून इलास्टिक आणि छपाईचे कपडे जास्त टिकतात. पूर्ण भरला तर वेळ मात्र तीन तासांच्या आसपास लागतो, तर हीटरवाले दीड-दोन तासांत उरकतात. वॉशरचा मोठा प्रोग्रॅमही अडीच-तीन तासांचाच असल्याने दोन यंत्रं एकामागोमाग लावली की हा उशीर फारसा जाणवत नाही. आवाज ६२ ते ६६ डेसिबल, म्हणजे वॉशरच्या पिळण्यापेक्षा कमी, पण घरघर तीन तास सलग चालते. थंड खोलीत, १० अंशांच्या खाली, तो फार मंदावतो. आणि आडवा करून वाहून आणलेला असेल तर पुस्तिकेत सांगितलेले तास उभा ठेवल्याशिवाय चालू करू नका, कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर बसू द्यावं लागतं.

तरी रोज वापरायचा असेल तर हीट पंपच घ्या. दमट हवा थंड करणारी कॉइल स्वतः धुणाऱ्या आणि ती हाताने साफ करायच्या अशा दोन रचना मिळतात. स्वतः धुणारी सोयीची वाटते, पण वर्षा-दोन वर्षांत कॉइलवर ओल्या लिंटचा लगदा बसला तर तिथे हात पोचत नाही आणि मेकॅनिक बोलवावा लागतो. खाली झाकण असलेली रचना महिन्याला १० मिनिटं मागते, पण आत काय चाललंय ते दिसतं. आम्ही दुसरी निवडू.

'सुकतच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. पहिलं, दारातली जाळी. ती प्रत्येक घाण्यानंतर झाडावी लागते, आणि फॅब्रिक सॉफ्टनर वापरत असाल तर जाळीवर न दिसणारा मेणचट थर बसतो. नळाखाली धरा: पाणी जाळीतून सरळ न पडता वर साचून राहिलं तर साबण आणि मऊ ब्रशने घासायची वेळ झाली. दुसरं, ड्रमच्या तोंडाशी असलेल्या दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या. त्या ओल मोजतात. त्यांच्यावरही तोच थर बसतो आणि ड्रायर कपडे ओले असतानाच थांबतो. व्हिनेगरच्या फडक्याने पुसल्या की काम होतं.

एकावर एक की शेजारी

एकावर एक ठेवल्यास जागा अर्धी लागते. वर नेहमी ड्रायर, कधीही वॉशर नाही. मधलं जोडणीचं किट त्या दोन मॉडेलसाठीच बनवलेलं असावं आणि दोघांची खोली जुळावी. मोठे वॉशर ६०-६५ सेंटिमीटर खोल असतात, त्याशिवाय मागे पाइपसाठी ८-१० सेंटिमीटर सोडावे लागतात. वॉशरचा हादरा वर ड्रायरपर्यंत पोचतो, म्हणून आवाजाच्या दृष्टीने शेजारी-शेजारी ठेवणं नेहमीच चांगलं. झोपायच्या खोलीशी सामाईक असलेली भिंत टाळा आणि लाकडी जमीन असेल तर मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईवर ठेवा. दोन्ही यंत्रं एकाच सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका: वॉशरचा हीटर २००० वॅटच्या आसपास घेतो, हीटरवाला ड्रायर अडीच हजार.

घ्यायच्या आधी विचारायचा प्रश्न

बाहेरचा टब बोल्टने जोडलेला आहे की वेल्ड करून सीलबंद? मोठ्या ड्रममध्ये बेअरिंगवर, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो त्या भागावर, भार जास्त येतो. आधी मागचं रबरी ऑइल सील झिजतं, तिथून पाणी बेअरिंगमध्ये जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर सुरू होते. बोल्टचा टब असेल तर बेअरिंग आणि सील बदलून मशीन पुन्हा चालू होतं. सीलबंद असेल तर अख्खा टब बदलावा लागतो, आणि तो खर्च ऐकून लोक नवीन मशीनच घेतात. कॅटलॉगमध्ये हे लिहिलेलं नसतं, सर्व्हिस सेंटरला विचारलं की कळतं. मोटरच्या १० वर्षांच्या वॉरंटीपेक्षा हे उत्तर महत्त्वाचं, कारण मोटर सहसा बिघडतच नाही.

बसवताना

मागचे ट्रान्सपोर्ट बोल्ट, बहुतेक वेळा चार, पान्याने काढल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. ते टबला सांगाड्याशी जखडून ठेवतात. तसंच पिळायला लावलं तर मशीन जागेवरून उड्या मारत सरकतं आणि शॉक ॲब्सॉर्बर कायमचे बिघडू शकतात.

मग पाणसळ वरच्या पत्र्यावर आडवी आणि उभी ठेवून चारही पाय जुळवा. समोरासमोरचे दोन कोपरे तळहातांनी आलटून पालटून दाबा. किंचितही डुललं तर वर आलेला पाय खाली सोडा. शेवटी प्रत्येक पायावरचा लॉकनट वर, मशीनच्या तळाला घट्ट टेकेपर्यंत आवळा. ही शेवटची पायरी बहुतेक वेळा राहून जाते, आणि महिन्याभरात पाय फिरून मशीन पुन्हा थडथडायला लागतं. जाड मऊ रबरी पॅडवर लगेच पैसे घालू नका. टाइल्सवर पातळ, कडक पॅड घसरणं थांबवतात, पण स्पंजासारखे मऊ पॅड मशीनला उलट जास्त डोलवतात.

पहिला घाणा ४-५ टॉवेलचा आणि १४०० फेऱ्यांचा लावा, आणि शेवटची दहा मिनिटं शेजारी उभे राहा. पाणी बंद होताना भिंतीतून 'ठक्' ऐकू आला तर मशीनचा नळ थोडा आवळा. मशीन सरकलं तर पाय पुन्हा तपासा. सगळं ठीक असेल तर काढलेले बोल्ट पिशवीत घालून ड्रेन पाइपजवळ मागे टांगून ठेवा. घर बदलताना ते लागतात, आणि तेव्हा शोधून सापडत नाहीत.