एस्सिटॅलोप्राम + क्लोनाझेपाम जोडगोळी: पहिला महिना ठीक, पुढची वर्षं कशासाठी?

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सारखं टेन्शन येतं, अशी तक्रार घेऊन कुणी दवाखान्यात गेलं की चिठ्ठीवर बऱ्याचदा एकच गोळी येते. रात्री जेवणानंतर एक. ब्रँडची नावं पुष्कळ आहेत, कुणाच्या नावापुढे ‘प्लस’ असतं, कुणाच्या ‘फोर्ट’. स्ट्रिप उलटून बारीक अक्षरं वाचली की आत दोनच औषधं निघतात: एस्सिटॅलोप्राम १० मिग्रॅ (नैराश्य आणि चिंतेवरचं औषध, म्हणजे अँटिडिप्रेसंट) आणि क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ (झटपट शांत करणारं, झोप आणणारं, बेन्झोडायझेपिन गटातलं औषध). हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही, या जोडणीचं आहे. वर्षानुवर्षं ती घेत राहावी का, एवढाच प्रश्न.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्या चार आठवड्यांसाठी ही जोडणी समजण्यासारखी आहे. त्यानंतर ती चालू ठेवायला चांगलं कारण लागतं, आणि बहुतेक वेळा ते कारण कुणी विचारलेलंच नसतं. दोष दोन्ही औषधांच्या गुणांत नाही. ज्यांचा मुक्काम वेगवेगळ्या लांबीचा असायला हवा अशी दोन औषधं एकाच गोळीत बांधली, हा दोष आहे. (फिट्सच्या आजारासाठी क्लोनाझेपाम घेणाऱ्यांचा विषय पूर्ण वेगळा, त्यांना यातलं काही लागू नाही.)

एस्सिटॅलोप्रामचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत त्याने बेचैनी थोडी वाढूही शकते. क्लोनाझेपाम अर्ध्या-एक तासात काम सुरू करतं. मधली खिंड त्याने लढवायची, ही कल्पना ठीकच आहे. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०१९ च्या आढाव्यात नैराश्याच्या १० चाचण्यांतले ७३१ रुग्ण एकत्र पाहिले गेले. अँटिडिप्रेसंटसोबत बेन्झोडायझेपिन दिलेल्यांना पहिल्या चार आठवड्यांत जास्त आराम पडला. पाचव्या ते बाराव्या आठवड्यात मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि त्यापुढेही नाही. म्हणजे गोळीतल्या दुसऱ्या अर्ध्याचं काम महिन्याभरात संपतं. गोळी मात्र संपत नाही, कारण केमिस्टला जुनी चिठ्ठी दाखवली की पुढची स्ट्रिप मिळते.

महिन्यानंतर क्लोनाझेपाम काय करत असतं? झोप आणण्याच्या परिणामाला शरीर काही आठवड्यांत सरावतं. एखाद्या रात्री गोळी चुकली की झोप उडते, हात थरथरतात, आणि माणूस म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही.’ बऱ्याचदा तो मूळ आजार नसतो, गोळी उतरल्याची लक्षणं असतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या सरकारी औषध नियामकाने, सप्टेंबर २०२० मध्ये सगळ्या बेन्झोडायझेपिन औषधांच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला इशारा वाढवला. गैरवापर, शारीरिक अवलंबित्व आणि अचानक बंद केल्यावर होणारा त्रास, तिन्ही गोष्टी त्यात आल्या. सांगितलेल्या मात्रेत, सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यालाही अवलंबित्व येतं. म्हणून आईवडिलांना ‘तुम्हाला व्यसन लागलंय’ असं म्हणून दुखवू नका. साठीच्या पुढे हा भाग आणखी गंभीर होतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, पडलं की खुब्याचं हाड मोडतं, आणि दिवसाच्या गुंगीला घरचे ‘आता वय झालं’ म्हणत राहतात.

एस्सिटॅलोप्रामचा प्रश्न इतक्या चटकन सुटत नाही. अँटिडिप्रेसंटच्या बहुतेक चाचण्या सहा ते बारा आठवड्यांच्या असतात. २०१८ मध्ये संशोधक चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण एकत्र मांडले आणि तपासलेली २१ च्या २१ औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरली. पण तो हिशोब आठ आठवड्यांच्या आसपासचा आहे. आठ आठवड्यांवरून आठ वर्षांचा निष्कर्ष काढता येत नाही.

दीर्घकाळाचा पुरावा वेगळ्या प्रकारे जमवला जातो. औषधावर बरे असलेले लोक घ्यायचे, निम्म्यांचं औषध चालू ठेवायचं, निम्म्यांना न कळत प्लासिबोवर न्यायचं, आणि कोण पुन्हा आजारी पडतं ते मोजायचं. २००३ मध्ये संशोधक गेडिस आणि सहकाऱ्यांनी अशा ३१ चाचण्या, ४,४१० रुग्ण एकत्र केले. प्लासिबोवर ४१ टक्के लोकांचा आजार उलटला, औषधावर १८ टक्के. आकडा भक्कम वाटतो, पण एक गोम आहे. त्यांतल्या अनेक चाचण्यांत औषध झटकन बंद केलं होतं. औषध सुटल्यामुळे होणारी चिडचिड, निद्रानाश, रडू येणं हेही मोजणीत ‘आजार उलटला’ म्हणून जमा होऊ शकतं. मग औषध आजार रोखतं, की फक्त स्वतःच्या सुटण्याचा त्रास रोखतं? हा प्रश्न रास्त आहे. तो विचारणाऱ्याला औषधविरोधी ठरवू नये.

त्यातल्या त्यात आजच्या रुग्णाशी जुळणारी चाचणी २०२१ ची, ब्रिटनमधली अँटलर. साध्या फॅमिली डॉक्टरांकडचे ४७८ रुग्ण, बरीच वर्षं औषधावर असलेले, बरं वाटत असलेले, औषध थांबवायचा विचार करणारे. बंद करणाऱ्यांचं औषध दोन महिन्यांपर्यंत कमी करत नेलं. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के पुन्हा आजारी पडले, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. हे दोन्ही आकडे नीट वाचावेत. औषधाने फरक पडतो: साधारण सहा जणांनी वर्षभर चालू ठेवलं तर एकाचा आजार उलटणं टळतं. पण चालू ठेवूनही दहातले चार आजारी पडलेच, आणि बंद करूनही ४४ टक्के ठीक राहिले. ‘ही आयुष्यभर घ्यावी लागेल’ आणि ‘ही सगळी फसवणूक आहे’, दोन्ही विधानं या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

२०२२ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मॉन्क्रिफ यांच्या आढाव्याने नैराश्य म्हणजे सिरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाची कमतरता या समजुतीला आधार सापडत नाही असं दाखवलं, आणि त्यावरून लोकांनी औषधंच फेकून द्यायची भाषा सुरू केली. ती चूक आहे. कारणाचा सिद्धान्त पडला म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. मात्र ‘मेंदूत रसायन कमी आहे, ते भरून काढतोय’ एवढ्या एका वाक्यावर कुणाला पंधरा वर्षं गोळी चालू ठेवायला सांगत असतील, तर ते वाक्य आता पुरेसं नाही.

तेव्हा कामाचं पाऊल एकच: गोळी फोडा. म्हणजे तुकडे नाही, तर डॉक्टरांकडून त्याच मात्रेच्या दोन सुट्या गोळ्या लिहून घ्या. एस्सिटॅलोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ वेगवेगळ्या सहज मिळतात. मात्रा तीच राहते, त्यामुळे या अदलाबदलीत त्रास व्हायचं कारण नाही. लगेच एक फायदाही होतो. जोडगोळी गुंगीमुळे रात्रीच घ्यावी लागते, पण एस्सिटॅलोप्राम रात्री घेतल्याने काहींची झोपच बिघडते. सुटी झाली की ती डॉक्टरांना विचारून सकाळी न्याहारीनंतर घेता येते, आणि कित्येकांची ‘झोपेच्या गोळीशिवाय झोप नाही’ ही तक्रार तिथेच हलकी होते.

जोडगोळीचे तुकडे करून घरीच कमी करण्याचा उद्योग सर्रास चालतो, तो का फसतो ते पाहा. अर्धी केली की दोन्ही औषधं एकदम निम्मी होतात. चक्कर आली, रडू आलं, तर कुठल्यामुळे हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. पुष्कळ गोळ्यांवर मधली खाच नसते, त्यामुळे अर्धी म्हणजे नेमकी अर्धी होत नाही. दिवसाआड घेणं त्याहून वाईट. एस्सिटॅलोप्रामचं अर्धं आयुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) साधारण २७ ते ३२ तास आहे, म्हणजे ४८ तासांनी पातळी सुमारे एक-तृतीयांशावर येते आणि पुढच्या गोळीने पुन्हा वर जाते. शरीराला दर दोन दिवसांनी सोडल्याचा आणि धरल्याचा अनुभव येत राहतो.

आधी क्लोनाझेपाम कमी करायचं, तोवर एस्सिटॅलोप्रामला हात लावायचा नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यक संघटनांनी मिळून काढलेली मार्गदर्शिका सांगते की सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करावं, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर कधी जाऊ नये. आपल्याकडे अडचण गोळीच्या मापाची. सहज मिळणारी सगळ्यात लहान गोळी ०.२५ ची. ०.५ वरून ०.३७५ म्हणजे एक ०.२५ आणि तिचा अर्धा तुकडा. हा पहिला टप्पाच २५ टक्क्यांचा. पुढचा, ०.२५ वर येण्याचा, ३३ टक्क्यांचा. त्यापुढचा, ०.१२५ वर येण्याचा, ५० टक्क्यांचा. आकड्यात टप्पे सारखे दिसतात, शरीराला ते मोठे मोठे होत जातात. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांची गाडी शेवटी अडते ती याच कारणाने. अशा वेळी काही मानसोपचारतज्ज्ञ डायझेपामवर, त्याच गटातल्या दुसऱ्या औषधावर, नेतात. बेन्झोडायझेपिन सोडवण्यावर काम केलेल्या ब्रिटिश डॉक्टर हेदर अॅश्टन यांच्या तक्त्यानुसार ०.५ मिग्रॅ क्लोनाझेपाम म्हणजे साधारण १० मिग्रॅ डायझेपाम, आणि डायझेपामची २ मिग्रॅची गोळी मिळते, म्हणून टप्पे बारीक पाडता येतात. वृद्धांमध्ये डायझेपाम साचतं, त्यांच्यासाठी हा मार्ग सरसकट योग्य नाही. घरच्या घरी तर नाहीच.

एस्सिटॅलोप्राम थांबवायचं की नाही हे त्यानंतर, निवांत ठरवावं. नैराश्याचा पहिलाच झटका होता, पूर्ण बरं वाटून किमान सहा ते नऊ महिने झाले आहेत, घरात-नोकरीत मोठी उलथापालथ चालू नाही, तर थांबवून पाहणं वाजवी आहे. आजार दोन-तीनदा उलटलेला असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न झालेला असेल, तर चालू ठेवण्याकडे माझा स्पष्ट कौल आहे. गर्भारपणात किंवा बायपोलरचा (उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणाऱ्या आजाराचा) संशय असताना हा निर्णय फॅमिली डॉक्टरवर सोडू नये.

कमी करताना शेवटचे काही मिलिग्रॅम सर्वांत अवघड जातात, आणि त्याला कारण आहे. एस्सिटॅलोप्राम ज्यातून निघालं ते मूळ औषध म्हणजे सिटॅलोप्राम. ते ६० मिग्रॅ घेतलं की मेंदूतल्या सिरोटोनिन वाहकांपैकी (औषध जिथे चिकटून काम करतं त्या जागांपैकी) सुमारे ८८ टक्के व्यापले जातात, २० मिग्रॅवर ८० टक्के, आणि अवघ्या ३.४ मिग्रॅवरही ५० टक्के. वरचे ४० मिग्रॅ काढले तर फरक आठ टक्क्यांचा, शेवटचे साडेतीन काढले तर पन्नासचा. एस्सिटॅलोप्राम हा त्याच औषधाचा कामाचा अर्धा भाग, म्हणून ढोबळमानाने त्याचे १० म्हणजे सिटॅलोप्रामचे २०. हॉरोविट्झ आणि टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये हेच मांडून टप्पे खाली लहान लहान करत जायला सांगितलं. एस्सिटॅलोप्रामसाठी ढोबळ उदाहरण असं: १० वरून ७.५, मग ५, मग २.५, मग १.२५, प्रत्येक ठिकाणी दोन ते चार आठवडे, त्रास झाला तर जास्त. ५ ची गोळी आणि केमिस्टकडचा गोळी कापायचा डबा यांवर २.५ पर्यंत जाता येतं. ‘५ झाली, आता बंद करा’ हा सल्ला सर्वाधिक मिळतो, आणि फसतोही तोच.

त्रास सगळ्यांना होतो असंही नाही. २०२४ मध्ये ७९ अभ्यासांच्या एकत्रित हिशोबात औषध थांबवणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना लक्षणं दिसली, प्लासिबो थांबवणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना. तीव्र त्रास सुमारे तीन टक्क्यांना.

औषध सुटल्याचा त्रास आणि उलटलेला आजार यांतला फरक तारखेवरून कळतो, म्हणून कॅलेंडरवर मात्रा लिहून ठेवा. मात्रा कमी केल्यावर चार-पाच दिवसांत डोळे फिरवताना डोक्यात करंट लागल्यासारखं होणं, चक्कर, मळमळ, भडक स्वप्नं सुरू झाली तर ती बहुधा सुटण्याची लक्षणं. मागच्या मात्रेवर गेलं की ती दोन-तीन दिवसांत ओसरतात. आजार हळूहळू येतो: कशात रस नाही, अपराधीपणा, पहाटेच जाग, आणि डोक्यात करंट नाही.

गोळीला पर्याय काय, हेही विचारात घ्यावं. २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांना माइंडफुलनेसवर (या क्षणाकडे सजग लक्ष देण्याच्या सरावावर) आधारित मानसोपचार देत औषध कमी केलं, निम्म्यांचं औषध चालू ठेवलं. दोन वर्षांत ४४ आणि ४७ टक्क्यांचा आजार उलटला, म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण तो उपचार आठ आठवडे, शिकलेल्या माणसाकडून मिळालेला होता. पुण्या-मुंबई-ठाण्याबाहेर मराठीतून असा थेरपिस्ट मिळणं कठीण, आणि म्हणूनच जोडगोळी इतकी चालते. दर आठवड्याला तासभर बोलायला कुणी नाही, दोन मिनिटांत चिठ्ठी मात्र मिळते. याचा दोष रुग्णाच्या माथी मारू नये.

पुढच्या भेटीला जाताना रिकामी स्ट्रिप सोबत न्या आणि तीन गोष्टी विचारा: यातलं क्लोनाझेपाम अजून कशासाठी आहे, दोन्ही सुट्या लिहून देता का, आणि पुन्हा कधी तपासून ठरवायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आजाराची आणि उपचारांची माहिती मिळणं हा तुमचा हक्क केला आहे. साठीच्या पुढच्यांनी, विशेषतः लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर, रक्तातल्या सोडियमची तपासणीही मागावी, कारण एस्सिटॅलोप्रामने ते घसरू शकतं. ट्रामाडॉल असलेली दुखण्याची गोळी आणि दारू, दोन्ही या काळात वर्ज्य.

क्लोनाझेपाम एकदम बंद कधीच करू नका, फिट येऊ शकते. कमी करताना फिट आली, भ्रम झाला, मरणाचे विचार येऊ लागले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रात्री-अपरात्री कुणी हाताशी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.