नखाखालच्या ग्लोमस ट्यूमरचं ऑपरेशन, दहा महिन्यांनंतर

फेब्रुवारीत ग्लोमस ट्यूमरचं, म्हणजे नखाखालच्या एका बारीक गाठीचं, ऑपरेशन झालं तेव्हाच लिहिणार होते पण म्हटलं आधी ग्वाल्हेरची एक थंडी जाऊ दे, मग बोलू. चार वर्षं उजव्या अनामिकेला नळाचं पाणी लागलं की कळ पार खांद्यापर्यंत जायची, आणि बाहेरून बघाल तर ना सूज ना पू, नखाखाली जरासा निळसर डाग, तोही उजेडात धरला तर. एक डॉक्टर म्हणे मानेची नस, दुसरे युरिक ॲसिड, तिसऱ्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं की टेन्शन आहे. एक्सरे नॉर्मल. सासूबाईंना वाटायचं भांड्यांचा कंटाळा.

शेवटी हाताच्या सर्जननी काय केलं, तर टाचणीच्या डोक्याने नखावर एकेक जागा दाबत गेले. एका ठिकाणी मी किंचाळले, जरा बाजूला दाबलं तर काहीच नाही. मग हात वर धरायला लावून दंडाला बीपीचा पट्टा करकचून फुगवला आणि तीच जागा पुन्हा दाबली. दुखलं नाही! मला रडूच फुटलं. पट्टा सोडला, कळ परत हजर. एमआरआय नंतर झाला, त्यात ४ मिलिमीटरची गाठ. फार बारीक असली तर एमआरआयमध्येही सुटते म्हणे, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी गप्प बसू नका.

कॅन्सर नाही हो हा, बहुतेक वेळा साधीच गाठ असते. थंडी-गरमीप्रमाणे कातडीतलं रक्त कमीजास्त करणारे ग्लोमस नावाचे रक्तवाहिन्यांचे बारीक गुंते असतात, त्यातूनच वाढते, म्हणून तर थंडीशी वैर.

ऑपरेशन बोट बधिर करून. बोटाच्या बुडाशी इंजेक्शन देतात ते मात्र झोंबतं, त्याबद्दल कोणी सांगत नाही. नख काढलं, खालची कातडी चिरून गाठ काढली, मला दाखवली पण, भिजलेल्या साबुदाण्याएवढी, गुलाबी-राखाडी. एवढ्याशा दाण्याने चार वर्षं नाचवलं! जुनं नखच वर झाकण म्हणून ठेवलं, ते पुढे आपोआप पडलं. पहिला महिना ड्रेसिंग, कणीक मळणं बंद, ह्यांच्या हातच्या जाड पोळ्या खाल्ल्या. नवीन नख पूर्ण यायला साधारण सहा महिने लागले आणि मधोमध एक रेघ राहिलीये, नेलपॉलिश नीट बसत नाही. गाठीचा तुकडा मागे राहिला तर दुखणं परत येतं असं सांगितलं होतं, त्यामुळे अजून अधूनमधून टाचणी घेऊन स्वतःच दाबून बघते, वेडेपणा आहे, माहितीये.

काल सकाळी गार पाण्यात दोन जुड्या मेथी धुतली. हात बधिर झाले, सगळी बोटं सारखीच.